इतिहासाची किट आणि होमस्कूलिंग: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मुलांना घरीच शिकवणारे, किंवा तसं करावं का या विचारात असलेले पालक इतिहासाच्या हस्तकला किटबद्दल बरंच काही विचारतात. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, कारण किटमधली वस्तू करून झाल्यावर मूळ वस्तू किंवा मूळ जागा मुलाला दाखवता आली पाहिजे, आणि ते आपल्या आसपासच्या इतिहासात सगळ्यात सोपं जातं.

इतिहासाचं किट म्हणजे नेमकं काय असतं?

बाजारात साधारण तीन तऱ्हा दिसतात. पहिली जोडायची: एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) किंवा पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे एकमेकांत अडकवून किल्ला, रथ, गलबत उभं करायचं. दुसरी घडवायची: माती, साचे, रंग, कधी छोटा माग, कधी लिहायला बोरू (तासून केलेली लेखणी) आणि शाई. तिसरी उकरायची: प्लास्टरच्या ठोकळ्यात नाणी, खापरं किंवा हाडं दडवलेली असतात आणि ती छोट्या हातोडीने, ब्रशने बाहेर काढायची.

तिन्हींत आम्हाला घडवायची किट सगळ्यात उपयोगी वाटतात. जोडायच्या किटमध्ये विचार करणाऱ्याने तो आधीच करून ठेवलेला असतो, मुलाच्या वाट्याला क्रमांक जुळवणं उरतं. उकरायच्या किटबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

किटमुळे खरंच इतिहास कळतो, की नुसती वस्तू तयार होते?

कळतो, पण आपोआप नाही. किट पूर्ण झालं, फोटो काढून आजीला पाठवला आणि वस्तू कपाटावर गेली, तर मुलाने छान हस्तकला केली एवढंच म्हणता येईल. आमचा निकष एकच आहे: काम करता करता मुलाला असा एखादा प्रश्न पडला का, की ज्याचं उत्तर शोधायला एखाद्या जुन्या वस्तूकडे, लेखाकडे किंवा जागेकडेच जावं लागेल? पडला तर किटचे पैसे वसूल झाले. नाही पडला तर तो पडेल असं काहीतरी आपण करायचं.

शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचं उदाहरण घ्या. अष्टकोनी शिक्का खोडरबरावर किंवा अर्ध्या बटाट्यावर कोरायचा, शाईत बुडवून उठवायचा. सगळा मजकूर मावणार नाही, पहिला शब्द किंवा स्वतःचं नाव पुरे. बहुतेक मुलं अक्षरं सरळ कोरतात, आणि ठसा उलटा उमटतो. हे आधी सांगून टाकू नका. उलटा ठसा पाहिल्यावर मूल स्वतःच म्हणतं की मूळ शिक्का कोरणाऱ्याला अक्षरं उलटी कोरावी लागली असणार. कोण होता तो? कशावर कोरत होता? इथून ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ हा मजकूर वाचायला घेतला, की मूल तो पाठांतर म्हणून वाचत नाही.

आता पुढची पायरी. महाराजांच्या पत्रांवर माथ्याशी राजमुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ अशी दुसरी छोटी मुद्रा असते. दोन शिक्के कशाला? मुलाला एक पत्र लिहायला सांगा, वरती शिक्का मारू द्या. मग खाली मोकळ्या जागेत त्याच्या भावंडाला हळूच एक ओळ वाढवायला सांगा: ‘हे पत्र आणणाऱ्याला चार लाडू द्यावेत.’ शिक्का खरा, पत्र खरं, आणि मागणी खोटी. मर्यादा मुद्रा कशासाठी हे मग समजावून सांगावं लागत नाही.

हीच कृती हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांना जोडता येते. त्याही उलट्या कोरलेल्या आहेत, मऊ दगडात, टपाल तिकिटाएवढ्या चौकोनात. ‘त्यावर काय लिहिलंय?’ असं मूल हमखास विचारतं. अजून कुणालाच ते खात्रीने वाचता आलेलं नाही, हे उत्तर मुलांना फार आवडतं. पुस्तकातल्या इतिहासात सगळं आधीच ठरलेलं असतं अशी त्यांची समजूत झालेली असते, ती इथे सुटते.

कितव्या वर्षापासून सुरू करावं?

चार-पाच वर्षांच्या मुलाला माती, पाणी आणि गोष्ट द्या, किट नको. काळाची कल्पना त्या वयात आलेली नसते. पणजीचं लहानपण आणि अश्मयुग त्याला सारखंच लांब. सात-आठपासून किटचा उपयोग होऊ लागतो. दहाच्या पुढे तर ‘हे कशावरून?’ हा प्रश्न मूल स्वतःच विचारतं, आणि किटमधल्या चुकाही काढतं. मोठ्या मुलांना ही कामं पोरकट वाटतील अशी भीती अनेकांना असते. तसं होत नाही, फक्त त्यांना सोपं काम देऊ नका. तेरा-चौदाच्या मुलाला बोरू तासून मोडीत, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या लिपीत, एक ओळ लिहायला लावा, सगळी दुपार त्यात जाते.

विकतचं किट घ्यावं की सामान घरी जमवावं?

दोन्ही चालतं. तरी पहिलं किट विकत घ्यायच्या आधी एक काम घरच्या सामानातून करून पाहा, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. शाडू किंवा चिकणमाती, जुने पुठ्ठे, सुतळी, काटक्या, अंगाच्या साबणाची वडी, एक बोथट खिळा, रिकामं बॉलपेन, गेरू, कोळसा. एवढ्यात शिलालेख, ताम्रपट, खापर, झोपडी, किल्ला, मुद्रा सगळं होतं. ताम्रपटासाठी जाड अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा खाऊच्या डब्याची झाकणं घेतात; त्यावर रिकाम्या बॉलपेनने दाबून लिहायचं, भोकं पाडून कडीत ओवायचं. पत्र्याच्या कडा मात्र आधी दुमडून घ्या.

विकतचं किट तिथे कामाला येतं, जिथे सामान मिळणं अवघड असतं किंवा मापं अचूक लागतात: छोटा हातमाग, बोरू आणि शाई, वजनं-तराजू, नाण्यांच्या प्रतिकृती.

किट घेताना काय पाहावं?

सोबतची पुस्तिका आधी वाचा. तिच्यात ठिकाण आणि काळ दिला आहे का? ‘प्राचीन भारतीय घर’ असं लिहिलेलं किट परत ठेवा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं घर, असं लिहिलं असेल तर पुढे वाचायला हरकत नाही. मूळ वस्तू कुठल्या संग्रहालयात आहे ते सांगितलं असेल तर फारच चांगलं.

दुसरं, किट बिघडवता येतं का पाहा. म्हणजे मुलाला वेगळं करून बघायला वाव आहे का, की एकाच पद्धतीने जुळतं. तिसरं, जादाचं सामान. माती एकदाच पुरेल एवढी असेल तर मूल चुकायला घाबरतं.

उकरायचं किट घ्यावं का? मुलाला खूप आवडतं.

आवडतं, कारण त्यात खजिना सापडतो. अडचण तीच आहे. पुरातत्त्वज्ञ वस्तू शोधतात त्याहून जास्त लक्ष ती कुठे, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती याकडे देतात. ठोकळा फोडून नाणं काढलं की नेमकी तीच माहिती नष्ट होते, आणि मुलाला वाटतं उत्खनन असंच असतं.

घरचं उत्खनन जास्त चांगलं होतं. मोठं प्लास्टिकचं घमेलं किंवा जुना टब घ्या. तळाला वाळू, त्यावर लाल माती, मग राखेचा पातळ थर, वर बागेतली काळी माती. प्रत्येक थरात वेगळ्या वस्तू ठेवा: खाली दगडाच्या कपच्या, मध्ये फुटक्या मडक्याचे तुकडे आणि जळके दाणे, वर एक रुपयाचं नाणं आणि पेनाचं टोपण. वर सुतळीने चौकोन आखा. नियम एक: नोंदवहीत चित्र काढल्याशिवाय कुठलीही वस्तू उचलायची नाही. राखेचा थर लागला की मुलं थबकतात. इथे आग लागली होती का? की चूल होती? चर्चा तिथे चालू द्या.

सुरुवात कुठल्या विषयाने करावी?

महाराष्ट्रातल्या मुलासाठी याला एकच उत्तर आहे: दिवाळीचा किल्ला. हे आपल्याकडचं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं इतिहासाचं किट आहे आणि त्याला डबा लागत नाही. दगड, माती, पोती, विटा, वरून पेरलेले हळीव किंवा मोहरी, आणि मातीचे मावळे. अलीकडे प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, ते मांडले की झालं. कृपा करून ते घेऊ नका. त्यात मुलाच्या हाताला काहीच काम उरत नाही.

किल्ला काल्पनिक करण्यापेक्षा एक खरा गड निवडा. राजगड उत्तम. रायगडाआधी स्वराज्याची राजधानी तिथे होती, आणि त्याचा आकार मुलांच्या लक्षात राहतो: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना, आणि मध्ये उंच बालेकिल्ला. आधी नकाशा कागदावर काढायचा, मग माती. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरच्या समोच्च रेषा पुठ्ठ्यावर उतरवून एकावर एक थर चढवले तर मोठ्या मुलांना डोंगराचा खरा आकार मिळतो, आणि भूगोलाचाही एक धडा तिथेच होऊन जातो.

आता प्रश्न विचारायला जागाच जागा आहे. झारीने किल्ल्यावर पाणी ओता आणि ते कुठून वाहतं ते बघा. वर राहणाऱ्या माणसांना उन्हाळ्यात पाणी कुठून मिळत असेल? गडांवर खडकात खोदलेली टाकी असतात ती यासाठी, आणि टाकी खोदताना निघालेला दगड तिथेच बांधकामाला वापरता येत असे. दरवाजा कुठे ठेवायचा? मूल तो हमखास समोर, सरळ वाटेवर ठेवतं. मग रायगडाचा महादरवाजा दाखवा: दोन बुरुजांच्या आड लपलेला, जवळ पोचेपर्यंत न दिसणारा. शत्रू हत्ती घेऊन आला तर त्याला धावायला जागा मिळू नये, मोर्चा वळवताना तो वरच्या माऱ्यात सापडावा. मूल आपला दरवाजा उचलून दुसरीकडे बसवतं, तेव्हा ते बांधणाऱ्याच्या डोक्याने विचार करत असतं.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. दर दिवाळीला त्यातला एक, असा बेत केला तर जलदुर्गही येतात. सिंधुदुर्ग करायचा म्हणजे परातीत पाणी आलंच, आणि मग भरती-ओहोटीचा प्रश्नही आला.

किल्ल्याच्या पुढे काय करता येईल?

पुष्कळ. आमच्या अनुभवातून टिकलेली चार कामं सांगतो.

इनामगावची दोन घरं. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. सुरुवातीच्या आणि मधल्या काळात तिथे ऐसपैस चौकोनी घरं दिसतात, शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. दोन्ही घरं काटक्या, माती आणि गवताची करून शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा, लोकांनी मोठं घर सोडून लहान का बांधलं असेल? हवामान कोरडं होत गेलं, शेती रोडावली, असा अर्थ संशोधकांनी लावला आहे. मूल आधी स्वतःचं कारण सांगू दे. एक गोष्ट मात्र आवर्जून करा. उत्खननात सापडतात त्या जमिनी, चुली, खांबांचे खड्डे. छप्पर सापडत नाही, ते त्या खड्ड्यांवरून कल्पिलेलं असतं. म्हणून प्रतिकृतीत सापडलेला भाग गेरूने रंगवायचा आणि अंदाजाचा भाग बिनरंगाचा ठेवायचा. ही एक सवय लागली तर मूल पुढे कुठल्याही ऐतिहासिक मालिकेकडे वेगळ्या नजरेने बघतं. (इनामगावात लहान मुलांची दफनं घरातच, जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून केलेली सापडली. हे कधी सांगायचं ते आपलं मूल पाहून ठरवा.)

साबणावरची ब्राह्मी. नालासोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, पहिला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना. तो ज्या ब्राह्मी लिपीत आहे, ती १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली. साबणाच्या वडीवर खिळ्याने नाव कोरताना मुलांना कळतं की सरळ रेघ सोपी आणि गोलाई अवघड. ब्राह्मीतला क म्हणजे बेरजेचं चिन्ह, ग म्हणजे वर टोक असलेला कोन, ठ म्हणजे गोल. त्या ठचा गोलावा आपल्या आजच्या ठमध्ये अजून आहे, हे मूल स्वतः शोधून काढतं.

मोडीची ओळ. बोरू तिरका तासायचा, आधी कागदावर आडवी रेघ पूर्ण ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं शक्यतो हात न उचलता लिहीत जायचं. वेग का हवा होता? कारण कारभाराचा कागद रोज ढिगाने लिहावा लागे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही मोडी कागदांचे असंख्य रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. मोठ्या मुलाला यात गोडी लागली तर राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडी वर्ग वेळोवेळी असतात, त्यांची चौकशी करा.

मातीचा वीरगळ. हे काम आम्हाला सगळ्यात जवळचं आहे, कारण त्याची मूळ वस्तू अनेक जुन्या गावांत देवळाबाहेर उघड्यावर उभी असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणासाठी उभारलेला कोरीव दगड. तो खालून वर वाचतात. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्याशी सूर्य-चंद्र: ते आहेत तोवर कीर्ती राहो म्हणून. मातीच्या लांबट फरशीवर तीन चौकटी पाडायच्या आणि उठावात चित्रं बसवायची. कोणत्या वीराचा, तो कशासाठी लढला, हे मुलाने ठरवायचं. गाई सोडवताना पडलेल्यांचे वीरगळ खूप आढळतात, तळाशी गाई कोरलेल्या दिसतात. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. एकदा हे काम केलं की गावी गेल्यावर मूल देवळाआधी वीरगळ शोधतं.

मूल किट अर्धवट सोडतं. पूर्ण करायला लावावं का?

नाही. भिंत उभी राहिली आणि छप्पर राहिलं तरी प्रश्न विचारून झालेले असतात. पण अर्धवट का सुटलं ते बघा. बहुतेक वेळा काम वयाला अवघड असतं किंवा वेळ सलग मिळालेला नसतो. मातीकामाला तासाभराचा तुकडा पुरत नाही, सकाळ मोकळी ठेवा.

दोन वेगळ्या वयांची मुलं असतील तर?

एकच काम, वेगळी जबाबदारी. धाकटा माती मळतो, गवत कापतो, मावळे मांडतो. मोठी नकाशा वाचते आणि मापं देते. मोठीला धाकट्याला समजावून सांगायला लावा, तिचं कच्चं काय आहे ते तिथे कळतं.

आम्हालाच इतिहास नीट येत नाही. मग?

चालेल. मुलासोबत शोधायची तयारी पुरते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. होमस्कूलिंग करत असलात तरी ती जवळ ठेवा, कामाची चौकट म्हणून ती चांगली आहेत. मुलाने असं काही विचारलं की जे माहीत नाही, तर तो प्रश्न भिंतीवरच्या कागदावर लिहा आणि पुढच्या वेळी संग्रहालयात तो कागद घेऊन जा.

दंतकथांचं काय करायचं? हिरकणीची गोष्ट सांगायची की नाही?

जरूर सांगायची. बुरूज करतानाच सांगायची. फक्त सोबत हेही सांगायचं की ही लोकांनी जपलेली कथा आहे, आणि महाराजांच्या काळातली पत्रं हा वेगळ्या जातीचा पुरावा आहे. मुलांना हा फरक पटकन कळतो. बखरीचंही तसंच: कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली, म्हणजे महाराज गेल्यानंतर जवळजवळ सतरा वर्षांनी. लिहिणारा त्या काळातला माणूस होता, पण आठवणीतून लिहीत होता. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला विचारा, गेल्या वर्षीच्या सहलीची गोष्ट तू आणि ताई सारखीच सांगता का? महाराजांबद्दलची आपली माया या प्रश्नांनी कमी होत नाही. उलट पुरावा हातात धरून बोलणाऱ्या मुलाचा आदर जास्त घट्ट असतो.

हातकामात फार वेळ जातो. तेवढ्यात दोन धडे झाले असते.

झाले असते, आणि महिन्याने पुसलेही गेले असते. शिक्षण हाताच्या कामातून व्हावं हा विचार आपल्या मातीतलाच आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा गाभाच हस्तव्यवसाय होता. आजही एक टकळी (हाताने फिरवायची चाती) आणि पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) आणून मुलाला हातभर सूत कातायला द्या. धागा तुटत राहतो. मग मँचेस्टरच्या गिरणीतलं कापड स्वस्त का पडत होतं आणि सूत कातणं हे स्वातंत्र्यलढ्याचं हत्यार कसं झालं, याला पाच पानं लागत नाहीत.

तरीही प्रत्येक विषयाला किट लागत नाही. करारनामे, निवडणुका, कायदे यांत हातकाम ओढून आणू नका. महिन्याला एक मोठं काम पुरे.

सुरक्षिततेसाठी काय जपावं?

प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं. त्यात मुलाचा हात किंवा बोटं बुडवून ठसा घ्यायचा प्रयत्न कधीही करू नका, गंभीर भाजू शकतं. भुकटी मोठ्यांनी कालवावी, नाकातोंडावर रुमाल बांधून, आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नये, नळी तुंबते. कटर सात-आठच्या मुलाच्या हाती देऊ नका. एमडीएफ घासताना उडणारा भुसा श्वासात जाऊ देऊ नका. रंग पाण्यात विरघळणारे घ्या.

संग्रहालयात किट करण्याआधी न्यावं की नंतर?

नंतर. हाताने केलेली वस्तू काचेमागे दिसली की मूल तिच्याजवळ थांबतं, एरवी दालनं पळत संपतात. इनामगावसाठी पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय, सोपाऱ्याच्या शिलालेखासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, रोजच्या वापरातल्या दिवे-अडकित्त्यांसाठी पुण्याचं केळकर संग्रहालय, रोमन व्यापाराच्या खुणांसाठी धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि कोल्हापूरचं टाऊन हॉल संग्रहालय. नागपूरकरांना अजब बंगला आहेच, आणि गोव्यात जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात वीरगळ पाहायला मिळतात.

जुन्या गावठाणात खापरं, नाणी दिसली तर किटसाठी उचलावीत का?

अजिबात नाही. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या. पुरावस्तूंना कायद्याचं संरक्षण आहे, आणि उचललेलं खापर पुढच्या अभ्यासकाच्या हातून गेलंच. नाणं किंवा मूर्ती दिसली तर तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. घरच्या उत्खननाला कुंभाराकडची फुटकी मडकी पुरतात.

कारागिरांना भेटायला न्यावं का?

नक्की न्या, आणि ते काम किटइतकंच महत्त्वाचं माना. लेखात राजाचं नाव असतं, दान देणाऱ्याचं असतं. मडकं घडवणाऱ्याचं, तांबं ठोकणाऱ्याचं क्वचितच असतं. पुण्याच्या तांबट आळीत किंवा धारावीच्या कुंभारवाड्यात उभं राहिलं की ते हात दिसतात. आपलं मडकं तिसऱ्यांदा ढासळल्यावर कुंभाराच्या चाकासमोर बसलेलं मूल त्यांच्याकडे ज्या आदराने पाहतं, तो आदर पुस्तकातून येत नाही. जाताना आधी विचारून जा, त्यांच्या धंद्याच्या वेळेचा मान ठेवा, शिकवल्याचे पैसे द्या, आणि मुलाला काका, मावशी म्हणून बोलायला सांगा.

या सगळ्याचा परीक्षेशी काय संबंध?

थेट संबंध थोडा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही. घरी शिकणारी बरीच मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, किंवा राज्य मंडळाचा १७ नंबरचा, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरून दहावी देतात. एनआयओएसला दहावीच्या पातळीवर भारतीय संस्कृती आणि वारसा हा विषयही घेता येतो, किटवर वाढलेल्या मुलांना तो जवळचा वाटतो. वयाच्या अटी आणि तारखा त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहा. परीक्षेच्या वर्षी मात्र लेखी उत्तरांचा सराव वेगळा करावाच लागतो, त्याला किट पर्याय नाही.

आम्ही परदेशात राहतो. इथे शाडू नाही, गडही नाहीत.

हवेत वाळणारी माती सगळीकडे मिळते. मुद्रा, मोडी, ब्राह्मी, ताम्रपट यांना तर गावचं काहीच लागत नाही. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना जमवून दिवाळीत एक किल्ला करा. सुट्टीत भारतात याल तेव्हा तोच गड बघायचा, असा बेत आधीच ठरवा. जिथे राहता तिथला इतिहासही त्याच पद्धतीने करा, मुलाला दोन्ही आपले वाटले पाहिजेत.

केलेल्या वस्तू आणि नोंदी किती दिवस ठेवायच्या?

वस्तू ठेवायलाच हव्यात असं नाही. मातीची कामं पाण्यात भिजवून पुन्हा वापरा. नोंदवही मात्र जपा. प्रत्येक कामाला एक पान: तारीख, ठिकाण आणि काळ, मूळ वस्तू कुठे आहे, आपण काय अंदाजाने केलं, कुठला प्रश्न अजून उरला आहे, आणि एक फोटो. मुक्त विद्यालयात प्रवेश घेताना किंवा मूल पुन्हा शाळेत घालताना घरी काय शिकवलं असं विचारलं गेलं, तर ही वही दाखवता येते. धाकट्या भावंडाची वेळ आली की मोठ्याची वही त्याच्या हाती द्या आणि उरलेल्या प्रश्नापासून सुरू करा.